बिनगवताचं बेट

धानोऱ्याजवळच्या दिव्या हलामीचा डोळा पार राजुऱ्यापर्यंत गाजला होता, आणि तो डोळा तिचा नव्हताच. आता पहिल्याच ओळीत पोत्याचं तोंड सोडलं म्हणून माझ्यावर रुसू नका. ही गोष्ट लपवालपवीनंच बिघडलेली आहे. त्यात सांगणाऱ्यानं आणखी भर कशाला घालायची?

डोळा म्हणजे खेळातला डोळा. कॉम्प्युटरवर एक खेळ होता, त्याला ही मंडळी नुसतं ‘बेट’ म्हणायची. समुद्रात एक बेट, बेटावर घनदाट रान, आणि रानात तिघातिघांच्या टोळ्या. एकमेकांना हुडकायचं, दिसला की बाद करायचं. डाव संपला की प्रत्येक टोळीला स्वतःचा एक तळ असे, तळ्याच्या काठाशी. तिथं कोणी कोणाला मारत नाही. बसा, फिरा, झाडं लावा, गप्पा हाणा.

दिव्याच्या टोळीचा कप्तान होता राजुऱ्याचा नबील. बापाच्या मोबाईल-कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसायचा आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत तयार असायचं. दुसरी त्याची धाकटी बहीण अरीबा, घरी बसून बी.एस्सी. करणारी. आणि तिसरी आपली दिव्या. दिवसा धानोऱ्याच्या चौकात झेरॉक्सच्या दुकानात काम, संध्याकाळी गावी परत, आणि मग जेवणाआधीचा वेळ बेटावर. तिघांनी एकमेकांची तोंडं कधी पाहिली नव्हती. कानाला लावलेल्या हेडफोनातून जो आवाज येई तेवढीच ओळख, पण दोन वर्षांत ती सख्ख्या नात्याएवढी झाली होती.

डाव सुरू झाला की दिव्या हळू आवाजात सांगायची, “नबीलभाऊ, उजव्या अंगाले दगडामागं दोघं हायेत. एक लेटून हाये.” आणि खरंच असायचे. बाकीच्या टोळ्या चक्रावून जायच्या. कंबरभर गवतात पोटावर पडलेला माणूस हिला दिसतो कसा? नबीलनं त्याचं उत्तर स्वतःच शोधून ठेवलं होतं आणि गावभर वाटलंही होतं. “धानोऱ्याची हाये ती. वाघ पाहून वाढली. तुमच्यासारखी टीव्ही पाहून नाई.”

खरं काय होतं सांगू? दिव्याचा कॉम्प्युटर गडचिरोलीच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आलेला. त्यातलं ग्राफिक्स कार्ड इतकं म्हातारं की खेळ नुसता उघडावा म्हणून तिनं एकूण एक सेटिंग तळाला नेऊन ठेवलं होतं. त्यामुळे ते कार्ड गवत काढतच नसे. पानं नाहीत, फुलं नाहीत, झुडपं नाहीत, बारके दगड नाहीत, धुकं नाही. खाकी जमीन आणि तिच्यावर उभ्या काड्यांसारखी झाडं. आणि त्या उघड्याबोडक्या जमिनीवर चांगली घोडमी पोरं श्वास रोखून पालथी पडलेली, आपण कोणाला दिसत नाही अशा भ्रमात. आंधळ्या कोशिंबिरीत एकटीच्याच डोळ्यांवर पट्टी नसावी, तसला सगळा प्रकार.

सुरुवातीला तिला वाटायचं, सगळ्यांनाच असंच दिसत असेल, आणि ही पोरं अशी येड्यासारखी उघड्यावर का लोळतात याचं तिला हसू यायचं. मग एके दिवशी बसस्टँडवर बसल्या बसल्या कोणीतरी टाकलेला व्हिडिओ फोनवर बघितला. तेच बेट, तीच टेकडी, पण टेकडीवर वाऱ्यानं गवत लवत होतं. जांभळी फुलं होती. झाडांना पानं होती, पानांतून ऊन खाली झिरपत होतं. दिव्या कितीतरी वेळ बघत राहिली आणि तिची बस निघून गेली.

त्याच संध्याकाळी तिनं सांगून टाकायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात नबीलनं चार टोळ्यांसमोर छाती फुगवून तिची ओळख करून दिली होती, “ही आमची दिव्या.” शाळेत मागच्या बाकावर बसलेल्या, दुकानात ‘ए पोरी, दोन कॉप्या काढ’ एवढंच ऐकलेल्या मुलीला ‘आमची’ हा शब्द किती गोड लागतो, ते ज्याला लागलंय त्यालाच कळेल. तिनं तोंड उघडलं नाही. उलट थोडा मीठमसालाही लावला. “गवत हालते ना, त्यावरून समजते मले,” असं म्हणायला लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ही थाप तिला पचली असती. दुसरी मात्र पचत नव्हती.

डाव संपला, नबील जेवायला उठला, की अरीबा म्हणायची, “चाल, फिरून येऊ.” मग दोघी तळ्याच्या काठानं फिरायच्या. म्हणजे एक राजुऱ्याला खुर्चीत, एक गावी पाटावर, आणि पडद्यावर दोन बायका संथ चालत असलेल्या. अरीबा बोलत राहायची. “पाह्य ना, ऊन कसं उतरून राह्यलं गवतावर.” दिव्या म्हणायची, “हव ना.” “हा कोपरा कसा वाटते तुले?” “मस्त वाटते.” तिच्या पडद्यावर तेव्हा खाकी जमीन असे, आणि तळ्याच्या जागी करड्या रंगाची सपाट पाटी.

अरीबाचं घर दुकानाच्या वरच्या मजल्यावर, खिडकी उघडली की शेजाऱ्याची भिंत, भिंतीवर कोळशाची धूळ. रान असं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. मग ती दिव्याला तिचं घर विचारायची. अंगणात काय काय हाये? कोन्या बाजूले? दिव्या सांगायची, आणि दिवसभरात तिनं अरीबाला सांगितलेलं तेवढंच काय ते खरं असायचं. ऐकता ऐकता अरीबाच्या बाजूनं बटणांची टिकटिक चालू असे. ती बसून काय करते, हे दिव्यानं कधी विचारलं नाही.

तर असं हे दोन वर्षं चाललं, आणि मग कॉम्प्युटरच थकला. पंखा घरघरायचा, भर डावात पडदा काळा व्हायचा. नबीलनं स्वतःसाठी नवं कार्ड घ्यायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, “माहं जुनं तुले देतो. तुह्या त्या डब्ब्यात घोड्यासारखं धावन.”

कुणीही उडीच मारली असती. दिव्यानं चुकांडी मारायला सुरुवात केली. आधी म्हणाली धान कापणी होऊ द्या. मग म्हणाली दिवाळी होऊ द्या. मग दुकानात गर्दी आहे, परीक्षांचे अर्ज आहेत, मार्च जाऊ द्या. नबील वैतागला. चंद्रपूरला टोळ्यांची मोठी स्पर्धा होणार होती, हॉलमध्ये, ज्यानं त्यानं आपापला डब्बा घेऊन यायचं, आणि भर डावात दिव्याचा पडदा काळा पडला तर सगळंच मुसळ केरात. त्याचंही चुकत नव्हतं.

दिव्याच्या डोक्यात मात्र एकच भुंगा. कार्ड आलं की गवत उगवणार. गवत उगवलं की डोळा जाणार. डोळा गेला की आपल्याला कोण विचारतं? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आणि कार्ड नाही लावलं, तर अरीबाला जन्मभर ‘हव ना, हव ना’ म्हणत त्या खाकी जमिनीवरून हिंडायचं. दोन्हीकडून मरण.

मोहाची फुलं पडायचे दिवस होते. पहाटे झुंजूमुंजू झालं की अंगणापलीकडच्या झाडांखाली टप टप आवाज सुरू होई, आणि सगळ्या गावावर तो गोडसर, डोकं जड करणारा वास उतरे. अशा वेळी माणूस जागा असतो की झोपेत चालतो, सांगणं कठीण. त्या रविवारी दुकान बंद, म्हणून दिव्या टोपली घेऊन बापाच्या मागं गेली. बाप, चैतू, मोहाखाली वाकून झाडत होता. आदल्या दिवसाचा पाला त्यानं बाजूला लोटला, खालची माती अंगणासारखी स्वच्छ केली, आणि तिच्यावर पिवळट पांढरी फुलं एकेक करून पडू लागली, न शोधता दिसतील अशी. पूर्वी लोक पाला जाळायचे. आता वनखात्याचे लोक ओरडतात म्हणून झाडू.

दिव्यानं त्या धुंदीत बापाला सगळं सांगून टाकलं. कार्ड म्हणजे काय, सेटिंग म्हणजे काय, हे चैतूला अर्धंही कळलं नाही. त्यानं गवत आणि दिसणं एवढंच उचललं.

“म्हनजे तुही मशीन खालचा पाला झाडून देते,” तो म्हणाला. “मंग त्यात चोरी कायची? आमी काय करून राह्यलो इथी?”

“मंग बाबा, झाडू ठेवाचा कदी?”

“फूल सरलं का ठेवाचा. बारा महिने जंगल कोन झाडते? पाला पडू द्याचा मंग. फूल चालू असताना झाडू फेकून देनारा येडाच म्हनला पायजे.”

दिव्याच्या जीवाला थंडावा मिळाला. चंद्रपूर म्हणजे आपलं फूल. चंद्रपूर होऊ दे, मग लावू कार्ड, आणि मग अरीबाबरोबर खरंखुरं फिरू. सांगायची गरजही पडणार नाही. आज दिसत नव्हतं ते उद्या दिसायला लागेल आणि ‘हव ना’ खरं होऊन जाईल. इतका सोपा रस्ता आपल्याला आधी कसा सुचला नाही, याचंच तिला नवल वाटलं. त्या दिवशी ती टोपलीभर फुलं वेचेपर्यंत गुणगुणत होती.

माणसानं ठरवावं आणि दैवानं ते दुपारपर्यंतही टिकू देऊ नये, असंही होतं.

गडचिरोलीत नबील-अरीबाच्या मामेबहिणीचं लग्न होतं. ते उरकून, कुणाला न सांगता, दोघं धानोऱ्याची बस धरून थेट दिव्याच्या दारात उभे. नबीलच्या काखेत कार्डाचं खोकं. तो आवाजावरून वाटायचा त्यापेक्षा बुटका होता. अरीबा निळ्या ओढणीतली, उंच, उन्हानं लाल झालेली, आणि अंगणात पाऊल टाकल्यापासून सगळीकडे नजर फिरवत असलेली. ओटा पाहिला, कुंपण पाहिलं, झेंडूची ओळ पाहिली. मग मोहाखाली जाऊन एक फूल उचललं.

“हे मोह?” तिनं विचारलं. “पांढरं असते?”

“हव. तुले काय वाटलं?”

“काई नाई,” अरीबा म्हणाली आणि ते फूल तिनं मुठीत ठेवलं.

कोरा चहा झाला, लाडू झाले. नबील खोकं उघडून बसला. “चालू कर पाहू. आधी कसं चालते ते पाहू दे, मंग टाकतो कार्ड.”

दिव्या बहाणा शोधू लागली. लाईट नाही म्हणावं, तर डोक्यावर पंखा फिरत होता. तिनं कॉम्प्युटर चालू केला. बेट उघडलं. खाकी जमीन, काड्यांची झाडं, करडी पाटी.

नबील पुढं वाकला. “अन् गवत कुठी हाये?”

दिव्यानं सांगायची गरजही नव्हती. पोरगा दुरुस्तीच्या दुकानात वाढलेला. त्यानं एकदा सेटिंग बघितलं, एकदा पडदा बघितला, आणि मांडीवर थाप मारून हसत सुटला. “म्हनजे वाघबिघ काई नाई. हे हाये तर.” त्याला राग येईल असं दिव्याला वाटलं होतं, पण त्याचे डोळे लकाकत होते. “हात नको लावू याले. चंद्रपूर होऊ दे, मंग टाकू कार्ड. हे नियमात बसते. पंख्याचं मी पाहतो. जिंकून येऊ, मंग पाह्यत बस तू गवत वर्षभर.”

बापाचं आणि कप्तानाचं मत एकच निघालं होतं. दिव्याला हसू यायला हवं होतं. पण अरीबा खाटेवरून उठून पडद्यासमोर आली होती, आणि तिचा चेहरा दिव्याला बघवेना.

“दोन वर्सं तू मले हव ना, हव ना करत राह्यली,” अरीबा म्हणाली.

“हव.”

“काऊन?”

“मले डोळ्यासाठी घेतलं होतं तुमी. डोळा नाई म्हटलं असतं तर?”

“नबीलनं घेतलं होतं डोळ्यासाठी. मी नाई.” अरीबानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “मंग ते बी तुले कदीच नाई दिसलं?”

“काय ते?”

“जाऊ दे.”

“काय ते, सांग ना.”

“सांगून काय पाहाचं असते? जाऊ दे म्हनली ना.” आणि ती खिडकीकडे तोंड करून बसली.

दिव्याला एकदम रडू फुटलं. खोटं बोलल्याची लाज होतीच, पण त्याहून मोठं काहीतरी होतं. या मुलीनं आपल्याला दोन वर्षं काहीतरी दाखवलं, आपण ‘मस्त’ म्हणालो, आणि ते काय होतं हेही आपल्याला ठाऊक नाही. फूल सरेपर्यंत थांबायचं म्हणे. चंद्रपूरपर्यंत ही मुलगी अशीच पाठ करून बसेल, आणि चंद्रपूरनंतर गवत दिसून काय उपयोग, ते दाखवणारं कोणी उरलं नाही तर?

तिनं डोळे पुसले. “नबीलभाऊ, डब्बा खोला. कार्ड टाका.”

“आत्ता? येडी झाली का?”

“आत्ता.”

“पाह्य दिव्या, सरळ सांगतो, राग नको मानू. डोळा गेला तर मले चंद्रपूरले तिसरा दुसरा पाहा लागन. आमच्या राजुऱ्याचा मुजफ्फर कवाचा टोळीत घ्या म्हनून मागं लागून हाये.”

“त्याले घ्या मंग,” दिव्या म्हणाली.

नबीलनं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं मान वळवली नाही. मग तो पुटपुटत कामाला लागला. पोरींच्या नादी लागून माणसानं टोळी बांधू नये, गवत काय खायचं आहे का, वगैरे वगैरे. स्क्रू काढले, जुनं कार्ड उपटलं, दोन वर्षांची धूळ फुंकून उडवली, आणलेलं बसवलं. सगळी सेटिंगं वर नेली. काम मात्र त्यानं चोख केलं. मग हात झटकून तो बाहेर चैतूपाशी जाऊन बसला, आणि दोघं उन्हात वाळणाऱ्या फुलांवर हात फिरवत, चालू फुलात झाडू टाकून देणाऱ्या पोरीबद्दल एकमेकांना दुजोरा देत राहिले.

आत पडदा उजळला.

दिव्या तळावर जिथं आदल्या दिवशी थांबली होती तिथंच उभी होती. पहिल्यांदा तिला नुसतं हिरवं दिसलं. मग हिरव्यातून एकेक वस्तू वेगळी होऊ लागली, पहाटे दिसायला लागतात तशी. पाणी खरंच पाणी होतं, त्यात आभाळ हलत होतं. गवतावर ऊन होतं. आणि त्या गवतात, तिच्या चारी बाजूंनी, एक अंगण होतं.

बारक्या झुडपांचं चौकोनी कुंपण. मधे बारके दगड मांडून केलेला ओटा. ओट्याच्या डाव्या हाताला आंब्याची म्हणून कसल्याशा झाडांची रांग, मागच्या अंगाला विहिरीची जागा, पुढं झेंडूची ओळ. तिनं रोज संध्याकाळी जे जे ज्या ज्या बाजूला सांगितलं होतं, ते ते त्या त्या बाजूला. आणि समोर दोन मोठी झाडं, ज्यांना कोणी कधी मोह पाहिलेला नाही अशा माणसानं मोह म्हणून निवडलं होतं. त्यांना तळहाताएवढी लालभडक फुलं लागली होती.

दिव्यानं नजर खाली नेली. तिच्या पायांखाली झेंडू होता. तुडवलेला. आणि तिथून मागं, कुंपण मोडून, ओळ चिरडून, थेट अंगणाच्या मधोमध आलेली एक पायवाट होती.

“हे कोनी तुडवलं?” तिनं विचारलं.

अरीबा केव्हाच येऊन तिच्याशेजारी पाटावर बसली होती. “तू. रोज इथूनच यायची तू. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लावत होती.”

“मले सांगितलं काऊन नाई?”

“मी विचारायची ना, कसं वाटते. तू मस्त म्हनायची. मले वाटलं, तुमच्याकडं असंच चालत असन. घर तुहं, अंगन तुहं. मी काय म्हनून सांगू?”

दिव्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिनं पुसलं नाही. तिला तिथून हलायचं होतं, पण पाऊल कुठं टाकावं कळत नव्हतं. पुढं झेंडू, बाजूला झेंडू, मागं मोडलेलं कुंपण. तिनं माऊस धरला आणि तशीच थांबली.

अरीबानं तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि माऊस हळूच वळवला.

“इकडून नाई,” ती म्हणाली. “फाटक तिकडं हाये.”